एक नंबरचे मागचे पॅड

"आधी न्हाणीतला दगड नेला. मग तव्याची घासणी नेली. आता माझी कवळी तेवढी ऱ्हायलीय, तीबी घासायला घे म्हणावं."

मी गाडीखाली उताणी पडले होते आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, हातभर अंतरावर बसून हे चुलीला सांगत होत्या.

"आत्या, मला ऐकू येतंय."

"ऐकू यावं म्हणूनच बोलतीया. भांडी घासायला घरात काथ्या न्हाई, आन् हिकडं रेड्यांच्या आंघोळी चालल्यात."

रेडे म्हणजे आमचे मालक पारखेसाहेब यांच्या चार एटीव्ही. चार जाड चाकांच्या, बसायला बाईकसारख्या आणि चिखल दिसला की त्यात घुसणाऱ्या. म्हणून आत्यांनी त्यांना रेडे हे नाव दिलं होतं. साताऱ्याहून वर आलं की आमचं पठार लागतं. पावसाळ्यात पुण्या-मुंबईची माणसं अंगावर तांबडा चिखल उडवून घ्यायला पैसे देऊन तिथं येत. आम्ही जन्मभर तोच चिखल फुकट उडवून घेतला होता. त्याचं आम्हाला कुणी एवढं कौतुक केलं नव्हतं.

सगळ्यात पुढं, एक नंबरच्या गाडीवर, माझे सासरे असत. मी त्यांना मामा म्हणायची, म्हणून बाकी सगळेही मामाच म्हणत. त्यांच्या मागून दोन आणि तीन नंबरवर गिऱ्हाईक, आणि शेवटी चार नंबरवर इम्तियाज मुलाणी, मेढ्याचा. आत्यांची शेडमध्ये चहा-भज्यांची चूल होती. माझा नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी होता, तो सणासुदीला यायचा. मला तिकीट फाडायला ठेवलं होतं. पण साताऱ्याचा मेकॅनिक पावसात घाट चढून यायला कुरकुर करायचा. एकदा त्याची वाट बघून कंटाळले आणि पाना हातात घेतला. मोबाईलवर कुणीतरी हिंदीत दाखवलेलं बघायचं, ते विसरायच्या आत चाक उघडायचं. रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की यायची. त्यामुळे माझं शिक्षण टाकीवर झालं आणि परीक्षा गाडीखाली. पहिल्या दोन-तीन परीक्षांत मी नापास झाले. त्याचे आवाज अजून माझ्या कानात आहेत.

त्या मोसमात माझ्या मागे एकच काम होतं, ब्रेकचे पॅड. पॅड म्हणजे बिस्किटाएवढ्या दोन वड्या. ब्रेक दाबला की त्या चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी थाळीला दोन्हीकडून धरतात आणि गाडी थांबते. डांबरी रस्त्यावर त्या वर्षवर्ष टिकतात. आमच्या चिखलात मुरमाचे खडे असतात. ते वडी आणि थाळीच्या मध्ये जाऊन बसले की जात्यात दाणे भरडावेत तशी वडी भरडली जाते.

सगळ्याच गाड्यांचे पॅड झिजत होते. पण एक नंबरचे मागचे पॅड झिजत नव्हते, ती गाडी ते खात होती.

एका रविवारी पारखेसाहेब आले. हातात झिजलेला पॅड घेऊन तो मामांच्या समोरच त्यांनी उलटासुलटा केला.

"मामा, बाकीच्या गाड्या बघा आणि तुमची बघा. दर चार दिवसांनी नवे पॅड. हा खर्चाचा प्रश्न नाही. तुमच्या मागे लोकांची पोरं असतात. उतारावर ब्रेक लागला नाही तर मी काय सांगू?"

"चिखल हाय साहेब," मामा म्हणाले.

"चिखल चौघांनाही आहे. गणपतीपर्यंत बघतो. नाही सुधारलं तर तुम्ही गेटवर बसा. सावलीत. पुढच्या गाडीला मी मुळशीकडचा माणूस आणतो."

मामांनी मान हलवली. तीस वर्षं त्यांनी मेढा ते बामणोली जीप मारली होती. धुक्यात खिडकीतून डोकं बाहेर काढून, नुसत्या मातीच्या वासावर वळण घेणारा माणूस. संध्याकाळी मी हात धूत होते तेव्हा ते जवळ येऊन उभे राहिले.

"शालन, जीप गेली तवा मी घरी बसलो होतो. दोन वर्सं. आठवतंय?"

मला आठवत होतं. दोन वर्षं ते ओसरीत भिंतीकडं तोंड करून झोपत होते.

"म्या गेटावर बसनार न्हाई. आन् घरी बसलो तर ह्या बारीला उठायचा न्हाई. तू त्या पॅडचं कायतरी कर."

"करते मामा."

असं आमचं ठरलं. मला वाटलं, एवढं काय, वडीच तर आहे.

मी झटले. पहिल्यांदा टायरच्या जुन्या रबराची झडप करून ब्रेकच्या पुढं बसवली, चिखल आत जाऊ नये म्हणून. चिखल गेलाच आणि झडपेमुळे परत बाहेर येईना. दोन फेऱ्यांत आत त्याची वीट झाली. आत्या म्हणाल्या, "अजून चार कर, चूल बांधून होईल." ती काढून टाकली आणि मग शहाण्यासारखं केलं. फेरी संपली की चिखल वाळायच्या आत साध्या नळाच्या पाण्यानं धुवायचं. जोराची धार मारायची नाही, त्यानं खडे आणखी आत जातात. ज्या पिनांवर ब्रेक मागेपुढे सरकतो त्या काढून घासायच्या. त्यांना ब्रेकचंच ग्रीस लावायचं, बैलगाडीचं नाही. पाण्यातून बाहेर आलं की दोनदा हलका ब्रेक मारून थाळी पुसून घ्यायची. गिऱ्हाइकांना निघायच्या आधी मी सांगायची, "उतारावर ब्रेक धरून ठेवू नका, आधी गॅस सोडा, गाडी आपोआप सावकाश होते." त्यांना वाटायचं ही तिकिटवाली बाई फारच बोलते. पण ऐकायचे.

आणि फरक पडला. दोन, तीन आणि चार नंबरचे पॅड दुप्पट टिकायला लागले. मी ते काढून बघायची, परत बसवायची. टाकीवर चढून सगळ्या गावाला सांगावं असं वाटायचं.

एक नंबरला तसूभर फरक पडला नाही.

मी ती पुन्हा उघडली. पुढचे पॅड कोरे होते, दुकानातून आणल्यासारखे. मागचे पापडासारखे पातळ. थाळी कडेला निळसर पडलेली, तव्यावर ठेवल्यासारखी. इम्तियाज शेजारी उकिडवा बसून बिडी ओढत होता.

"इम्तियाज, पुढचा ब्रेक हाताचा ना?"

"व्हय."

"आणि मागचा पायाचा."

"व्हय."

"मग मागचाच का जातोय?"

त्यानं बिडी चिखलात विझवली. "गाडीच तशी हाय वहिनी. एखादी गाय लाथाळ असती, तसं."

मला ते पटलं. पटवून घ्यायला बरं होतं. गाडीत खोट निघाली तर मामा सुटले. मी म्हटलं, आपण दाखवूनच देऊ. गणपतीपर्यंत मामांनी चार नंबर चालवायची आणि इम्तियाजनं एक नंबर. एक नंबरनं इम्तियाजच्या पायाखालीही पॅड खाल्ले की पारखेसाहेबांचं तोंड बंद. मामा खूश झाले. म्हणाले, "बग, डोस्कं हाय पोरीला." इम्तियाज मात्र माझ्याकडं बघत राहिला, काहीतरी मागायचं असल्यासारखा. आणि मग म्हणाला, "करूया."

त्याच आठवड्यात एकदा दुपारची फेरी संपवून मामा शेडकडं चालत आले. पाऊस रिपरिपत होता. खांद्यावर टॉवेल, तोंडानं काहीतरी गुणगुणत होते. डाव्या पायात गमबूट होता. उजवा पाय अनवाणी, घोट्यापर्यंत तांबडा. ते आले, बाकावर बसले, आत्यांकडून चहा घेतला आणि माझ्याशी गवताच्या भावाबद्दल बोलायला लागले. मी त्यांच्या पायाकडं बघत होते. ते खाली बघत नव्हते.

जरा वेळानं इम्तियाज आला. त्याच्या हातात दुसरा गमबूट होता, चिखलानं गच्च भरलेला. तो त्यानं बाकाखाली मामांच्या पायाशी ठेवला.

मामांनी तेव्हा खाली बघितलं.

"चिखलानं वढला वाटतं," ते म्हणाले.

"व्हय मामा. लई चिकट झालाय औंदा," इम्तियाज म्हणाला.

"वढतोयच की," आत्या म्हणाल्या. "परवा माझी चप्पल वढली."

मीही काहीतरी म्हणाले. चिखलाबद्दलच. आम्ही चौघं बराच वेळ चिखलाबद्दल बोललो. इतकं कुणी चिखलाबद्दल बोललं नसेल.

संध्याकाळी घरी मी सरपण आणायला परसात गेले. न्हाणीच्या दगडावर आत्या मामांचा उजवा पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आधी त्यांनी पाण्यात स्वतःचा हात घालून बघितला, मग ते पाणी पायावर ओतलं. टाचेत काहीतरी रुतलं होतं. त्यांनी ते चिमटीत धरून ओढलं. बाभळीचा काटा, चांगला बोटाच्या पेराएवढा. मामा तेव्हा आभाळाकडं बघून म्हणत होते, "उद्या उघडंल असं वाटतंय." त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

आत्यांनी मला बघितलं. पायावर टॉवेल टाकला.

"काय बगतीस? चिखल हाय," त्या म्हणाल्या.

"व्हय," मी म्हटलं आणि सरपण न घेताच परत आले.

गणपतीच्या आधल्या शनिवारी मी दोन्ही गाड्या उघडल्या. मामा चालवत होते त्या चार नंबरचे मागचे पॅड पापड झाले होते, पुढचे कोरे. म्हणजे खोट गाडीत नव्हती. मी उठून एक नंबरकडं गेले. इम्तियाज चालवत होता तिचेही पॅड संपले होते. पुढचे आणि मागचेही, सारखेच. इतके सारखे की कुणी मुद्दाम बसून घासावेत.

इम्तियाज शेवगाठींची पुडी फोडत बसला होता. मी दोन्ही गाड्यांचे पॅड त्याच्यासमोर फळीवर मांडले.

"तू ब्रेक धरून गाडी चालवत होतास."

"चिखल लई हाय वहिनी."

"इम्तियाज."

"सायेबांना हेच पॅड दाखवा," तो पुडीत बघत म्हणाला. "दोन्ही गाड्यांचं एकदम. म्हणावं चिखलच तसा हाय. चौघांनाही." मग पुडी बाजूला ठेवून, "माझा बाप मामांच्या जीपवर किलीनर हुता. मला काय बी इचारू नका."

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं आणि सांगितल्यावर ते शेडमध्ये आमच्या मध्ये बसलं असतं. मी दोन्ही गाड्यांना नवे पॅड घातले. पिना घासल्या, ब्रेकचं तेल बघितलं, त्याच्या नळीतली हवा काढली. एक नंबर मामांची मामांना परत दिली. ब्रेक इतका छान लागत होता की बोट टेकवलं तरी चाक जागच्या जागी धरत होतं. माझ्या हातून त्याहून चांगलं काम ना आधी झालं, ना नंतर.

रविवारी पारखेसाहेब आले. मी मांडलेले पॅड त्यांनी एकेक उचलून बघितले आणि परत फळीवर ठेवले.

"मी स्वतः मामांच्या मागे येतो," ते म्हणाले. "दोन नंबर काढा."

पाऊस थांबला होता. इम्तियाज नेहमीसारखा शेवटी चार नंबरवर निघाला. पठारावरून खाली तळ्याकडं जाणारा उतार आमच्या शेडमधून पूर्ण दिसतो. उतार संपला की वाट डावीकडं वळते. न वळता सरळ गेलं तर मुरमाचा बांध, आणि बांधाच्या पलीकडं काही नाही, दरी. मी आणि आत्या शेडच्या तोंडाशी उभ्या होतो. आत्यांच्या हातात झारा होता.

मामा उताराला लागले. पाठ ताठ, जीपमध्ये बसायचे तशी. त्यांच्या गाडीचा, ब्रेक दाबला की लागणारा मागचा लाल दिवा एरवी या उतारावर कधी विझायचा नाही. आज तो लागलाच नव्हता. मी बघत होते. वळण जवळ आलं. मामांचा उजवा गुडघा खाली गेला, आणखी खाली गेला, सगळं अंग त्या बाजूला झुकलं. जीव खाऊन ब्रेक दाबत होते. दिवा लागला नाही. गाडी तशीच जात होती.

त्यांचा बूट ब्रेकच्या शेजारी, पाय ठेवायच्या पट्टीवर होता. तिथून ते मला दिसत होतं. हाताचा ब्रेक त्यांच्या बोटांत होता, पण ज्यानं तीस वर्षं जीप मारली त्याला जिवावर बेतल्यावर हात आठवत नाही, पायच आठवतो.

"अगं, वळत का न्हाईत," आत्या हळूच म्हणाल्या.

गाडी बांधाला जाऊन धडकली. पुढची चाकं बांधावर चढली, गाडी वर उठली, अर्धवट तशीच टेकून राहिली. बांधाचा मुरूम पलीकडं घरंगळल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. मामा गाडीवर बसलेलेच होते. अजूनही दाबत होते.

आम्ही धावत खाली पोचलो तेव्हा पारखेसाहेब आपल्या गाडीवरून उतरले होते. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. इम्तियाजनं मामांची गाडी मागं ओढून सपाटीला घेतली होती आणि तिला धरून उभा होता.

"ब्रेक फेल," पारखेसाहेब म्हणाले. "समोर बघितलं मी. लागलाच नाही. शेवटचे पॅड कुणी टाकले?"

"मी," मी म्हटलं.

"कधी?"

काल, असं खरं उत्तर होतं. काल टाकले आणि ते कोरे आहेत, उघडून बघा. ते उत्तर दिलं असतं तर पुढचा प्रश्न मामांना होता.

"लक्षात नाही," मी म्हटलं. "जुनेच असतील. मांडलेले काढले, पण जागी दुसरे झिजलेलेच बसवले. माझं चुकलं."

इम्तियाजनं माझ्याकडं बघितलं आणि लगेच म्हणाला, "न्हाई सायेब, पिन अडकली आसंल. त्या पिनंत चिखल बसतो. वहिनींची चूक न्हाई."

"ह्या उतारावर माणूस पायी घसरतंय," आत्या म्हणाल्या. झारा अजून त्यांच्या हातात होता. "गाडीचं काय घिऊन बसलाय."

"पिन कोण साफ करतं?" पारखेसाहेबांनी विचारलं.

"मीच."

"म्हणजे एकूण एकच." त्यांचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "चूक माझी आहे. भजी तळणाऱ्या घरात मी ब्रेक सोपवले. शालनताई, आजपासून पान्याला हात लावायचा नाही. कुठल्याच गाडीच्या. माझ्या जागी आज कुणाचं पोर असतं, तर त्याच्या आईबापाला तुम्ही भेटायला गेला असतात का?"

मी मान खाली घातली. टाकीवर चढून शिकलेलं, चिखलात पडून शिकलेलं सगळं माझ्या हातातून निघून चाललं होतं आणि मी ते जाऊ देत होते. मला वाटलं, एवढ्यात भागेल. मी पान्याला हात लावणार नाही, मामा पुढं चालवत राहतील. मग लगेच वाटलं, पुढच्या रविवारी त्यांच्या मागे कुणाचं तरी पोर असेल. दोन्ही एकदम वाटलं.

"उतरा मामा," पारखेसाहेब म्हणाले. "लागलं का कुठं?"

मामा उतरले नाहीत. ते वाकले. उजव्या मांडीखाली दोन्ही हात घातले आणि दुसऱ्या कुणाचं ओझं उचलावं तसा आपलाच पाय उचलला. डोळ्यांनी बघून, नीट जागा शोधून, तो ब्रेकवर ठेवला आणि वरून दोन्ही हातांनी गुडघा दाबला.

"इम्तियाज, मागचा दिवा लागला का रं?"

इम्तियाज मागं जाऊन उभा राहिला.

"लागला, मामा."

"आता ढकल गाडी."

त्यानं ढकलली. पारखेसाहेबांनीही हात लावला. गाडी केसभर हलली नाही.

"उगं," आत्या म्हणाल्या. "उगं बसा हो. काय बोलू नगा."

मामांनी त्यांच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. ते आपल्या बुटाकडं बघत होते.

"ब्रेक चांगला हाय साहेब. पोरीनं काल सांजच्याला नवं पॅड घातल्यात, म्या बगितलंय. ती खोटं बोलतीया, ही समदीच माझ्यापायी खोटं बोलत्यात. चिखलाला बोल लावत्यात." त्यांनी गुडघ्यावरचे हात काढले. "माझा पाय मेलाय. ह्या गुडघ्याखाली मला कायसुदिक लागत न्हाई."